बातमीदार विमानात बसला, कुमार मागे राहिला

पंचगंगाकाठ

राजारामपुरीतल्या आमच्या सिनेमा बघणाऱ्या मंडळींनी या रविवारी ‘द इयर ऑफ लिव्हिंग डेंजरसली’ लावला होता. पीटर वेअरचा 1982 चा सिनेमा. नंतर जी चर्चा रंगली ती तिथेच विरून जाऊ नये म्हणून हा धागा काढतोय. शेवटासकट सगळं लिहिणार आहे. ज्यांना सिनेमा कोरा बघायचा आहे त्यांनी आधी बघून या, मग वाचा.

गोष्ट 1965 च्या जाकार्तातली. गाय हॅमिल्टन (मेल गिब्सन) हा ऑस्ट्रेलियाच्या नभोवाणीचा तरुण बातमीदार. परदेशातली पहिलीच नेमणूक. आधीचा माणूस एकाही ओळखीचा धागा हातात न देता निघून गेलेला. शहरात अन्नाची टंचाई, महागाई शेकडो टक्क्यांनी वाढलेली, मलेशियाशी संघर्ष पेटलेला आणि वर राष्ट्राध्यक्ष सुकार्नोंची भाषणं. सुकार्नोंच्या एका हाताला लष्कर, दुसऱ्या हाताला पीकेआय म्हणजे तिथला कम्युनिस्ट पक्ष. सोव्हिएत युनियन आणि चीन सोडले तर तेव्हा जगातला सगळ्यात मोठा कम्युनिस्ट पक्ष हाच. या दोघांना तोलत सुकार्नो खुर्चीवर बसलेले.

हॅमिल्टनला हाताशी धरतो तो बिली क्वान, बुटका, अर्धा चिनी, फोटोग्राफर. तो त्याला पीकेआयचे नेते आयदित यांची मुलाखत मिळवून देतो आणि हॅमिल्टनचं नाव होतं. मग ब्रिटिश दूतावासातली जिल (सिगर्नी वीव्हर), तिच्यावरचं प्रेम, आणि तिने जीव वाचावा म्हणून सांगितलेली गुप्त गोष्ट: कम्युनिस्टांसाठी चीनहून शस्त्रांचं जहाज येतंय. तिने सांगितलं त्याने देश सोडावा म्हणून. त्याला त्यात दिसली बातमी.

थरार म्हणून सिनेमा घट्ट बांधलाय. पण माझ्या डोक्यातून जात नाही तो कुमार. हॅमिल्टनच्या ऑफिसातला मदतनीस. दुभाषा तोच, वाटाड्या तोच, कुठल्या माणसाला काय विचारावं हे सांगणाराही तोच. आणि आतून पीकेआयचा. शेवटी उठाव फसतो, सैनिकाच्या बंदुकीच्या दस्त्याने हॅमिल्टनचा डोळा जायबंदी होतो आणि तो बिलीच्या घरी पट्टी बांधून पडलेला असतो. तिथे कुमार येतो. आपला पक्ष संपला, आता आपल्याला शोधत येतील, हे त्याला पुरतं ठाऊक आहे. तरी तो गाडी काढतो आणि हॅमिल्टनला विमानतळावर सोडतो. हॅमिल्टन शेवटचं विमान पकडतो, दारात जिल उभी, मिठी, सिनेमा संपला.

आणि कुमार? गाडी वळवून तो कुठे गेला? सिनेमा सांगत नाही. पुढच्या काही महिन्यांत त्या देशात अंदाजे पाच ते दहा लाख माणसं मारली गेली, तीही मुख्यतः कम्युनिस्ट असल्याच्या संशयावरून. म्हणजे कुमारचं काय झालं असेल हे प्रेक्षकाने समजून घ्यायचं, आणि बहुतेक प्रेक्षक त्या मिठीतच अडकलेले.

माझं म्हणणं इतकंच आहे की परदेशी बातमीदाराच्या थरारपटात खरा जीव टांगणीला लागलेला असतो तो स्थानिक माणसाचा. हॅमिल्टनकडे परतीचं तिकीट आहे, पासपोर्ट आहे. कुमारकडे फक्त त्याचं शहर आहे, आणि तेच त्याच्यावर उलटलंय. तुम्हाला काय वाटतं? असे आणखी सिनेमे आणि खरे प्रसंग माहीत असतील तर सांगा.

शाहूपुरीकर

भारी धागा, भावा. सिनेमा कॉलेजात असताना बघितलेला, तेव्हा जहाजाचंच कौतुक. डोंगरातल्या त्या डच बंगल्यातला स्वप्नाचा प्रसंग मात्र अजून आठवतो. पोहण्याच्या हौदात ती बाई त्याला पाण्याखाली दाबून धरते. थरारासाठी बंदूक लागत नाही हे तिथे कळलं. कुमार मला नावानेसुद्धा आठवत नव्हता. यातच तुझा मुद्दा आला.

गारगोटीचे मास्तर

इतिहास शिकवण्यात आयुष्य गेलं, म्हणून थोडी भर घालतो.

सिनेमा ज्या रात्रीभोवती फिरतो ती 30 सप्टेंबर 1965 ची. त्या रात्री आणि पहाटे उठावात सहा जनरलना मारण्यात आलं. प्रेतं जाकार्ताच्या कडेला लुबांग बुआया इथल्या एका विहिरीत टाकली. संरक्षणमंत्री जनरल नासुतिऑन भिंतीवरून उडी मारून शेजारच्या इराकी राजदूताच्या आवारात पडले म्हणून वाचले. त्यांची पाच वर्षांची मुलगी गोळी लागून गेली, आणि त्यांचा तरुण लेफ्टनंट तेंदेआन याला नासुतिऑनच समजून पकडून नेलं आणि मारलं. सकाळी सूत्रं हातात घेतली ती लष्करातल्याच जनरल सुहार्तोंनी. आयदित यांना नोव्हेंबरात गोळ्या घातल्या. 11 मार्च 1966 ला सुकार्नोंकडून अधिकारपत्र लिहून घेतलं गेलं आणि सुहार्तो मे 1998 पर्यंत राहिले.

कत्तल झाली ती मुख्यतः जाकार्ताबाहेर, मध्य आणि पूर्व जावात, बालीत, उत्तर सुमात्रात. लष्कराने याद्या करायच्या आणि गावातल्याच टोळ्यांनी माणसं उचलायची, अशी पद्धत. अमेरिकी दूतावासातल्या एका अधिकाऱ्याने कम्युनिस्टांच्या नावांच्या याद्या लष्कराला दिल्याचं 1990 मध्ये वर्तमानपत्रांत छापून आलं. 2017 मध्ये दूतावासाचे जुने कागद खुले झाले. काय चाललंय हे त्यांना त्याच वेळी ठाऊक होतं हे त्यातून दिसतं. सिनेमात परकीय सत्तांची ही बाजू जवळजवळ नाही. जहाज चीनचं आहे, बाकी सगळे कॉकटेल घेत बसलेले.

आपल्याशीही या देशाचं नातं जुनं. 1947 मध्ये डच वेढ्यातून शाहरीर आणि हत्ता या नेत्यांना विमानाने बाहेर काढलं ते आपल्या बिजू पटनाईकांनी, स्वतः विमान चालवत. 1950 च्या पहिल्या प्रजासत्ताक दिनाचे पाहुणे सुकार्नो. आणि 1965 च्या युद्धात तेच सुकार्नो पाकिस्तानच्या बाजूने. त्यामुळे त्यानंतर तिथे जे घडलं त्याबद्दल आपल्याकडे फारशी हळहळ दिसली नाही.

सुहार्तोंच्या काळात हा सिनेमा इंडोनेशियात बंद होता. ते गेल्यावरच तिथल्या लोकांना तो बघता आला. जानेवारी 2023 मध्ये राष्ट्राध्यक्ष जोको विडोडो यांनी 1965-66 च्या हत्यांसह मानवी हक्कांच्या बारा मोठ्या उल्लंघनांबद्दल खेद व्यक्त केला. इतकी वर्षं कुमारच्या घरच्यांना ‘आमचा माणूस मारला’ असं मोठ्याने म्हणायचीही सोय नव्हती.

कुडाळची माहेरवाशीण

मास्तर, छान लिहिलंत. मी दुसऱ्याच वाटेने येते.

सिनेमा सुरू होतो तो वायांग कुलितने, म्हणजे चामड्याच्या बाहुल्यांच्या सावल्यांनी. माझं माहेर कुडाळ. तिथून जवळच पिंगुळी, आणि ठाकर समाजाच्या चामड्याच्या बाहुल्या आणि चित्रकथी बघत मी मोठी झाले. पिंगुळीच्या परशुराम गंगावणे यांना 2021 मध्ये पद्मश्री मिळाली तेव्हा आम्ही इथे कोल्हापुरात पेढे वाटले होते. त्यामुळे पडद्यावर ती सावली हलली आणि मी सरसावून बसले.

बिली हॅमिल्टनला तीन बाहुल्या दाखवतो. अर्जुन, श्रीकंदी आणि सेमार. अर्जुन आपलाच. श्रीकंदी म्हणजे आपला शिखंडी, पण जावात ती चक्क धनुर्धारी स्त्री आहे आणि अर्जुनाची बायको. सेमार मात्र आपल्या व्यासांकडे नाही. ठेंगणा, ढेरपोट्या, पांडवांचा सेवक, विदूषक, आणि मुळात देव. बिली स्वतःला सेमारच समजतो हे उघड आहे. तो म्हणतो, बाहुल्या बघू नकोस, सावल्या बघ. बाहुल्यांचा खेळ करणारा डावं-उजवं तोलत राहतो, तसे सुकार्नो.

आणि शेवटाकडे, डोळ्यांवर पट्टी बांधून पडलेल्या हॅमिल्टनला बिलीने सांगितलेलं गीतेतलं वचन आठवतं. तिसरा अध्याय, ‘धूमेनाव्रियते वह्निर्यथाऽऽदर्शो मलेन च’. धुराने अग्नी झाकावा, धुळीने आरसा, तसं वासनेने सगळं झाकलंय. बातमीच्या वासनेने त्याचा डोळा जायबंदी झाला तेव्हा ते त्याला उमगलं. मी ज्ञानेश्वरीचा तिसरा अध्याय अनेकदा वाचलाय, पण इंडोनेशियातल्या उठावावरच्या ऑस्ट्रेलियन सिनेमात तो श्लोक असा समोर येईल असं वाटलं नव्हतं. अंगावर काटा आला.

पण पंचगंगाकाठ, तुमचा मुद्दा इथेही लागू होतो. श्लोक हॅमिल्टनच्या कामी आला. तो शहाणा होऊन विमानात बसला. कुमारला शहाणपणाची संधी कोणी दिली?

बिगरओळीचा

मी एका वृत्तवाहिनीचा स्ट्रिंजर होतो, कोल्हापूर जिल्ह्यासाठी. पगार नाही, बातमीमागे पैसे. हा धागा वाचून लिहायचं ठरवलं.

ऑगस्ट 2019. राजाराम बंधाऱ्याजवळ धोक्याची पातळी 43 फूट, पाणी 55 च्या वर गेलेलं. शिरोलीला महामार्ग बंद, पेट्रोल नाही, दूध नाही. मुंबईहून टीम आली. त्यांना प्रयाग चिखली, आंबेवाडीकडे जायचं होतं. बोटवाला मी ठरवला, माझ्या ओळखीचा. मोबाईल दुधाच्या पिशवीत गुंडाळून शर्टात घातलेला. मधे एका ठिकाणी बोटवाला म्हणाला, ‘सायब, फुडं वढ लै हाय, गप बसा, हालू नका.’ ज्यांना पीटीसी, म्हणजे कॅमेऱ्याकडे बघून बोलणं, करायचं होतं ते उभे राहिले. मी एका हाताने त्यांचा पट्टा धरला आणि दुसऱ्या हाताने बोटीची कड. माडीवर अडकलेल्या एका म्हातारीशी बोलायचं होतं, ती बोलेना. मी तिला ‘आज्जी, मी अमक्याचा पोरगा’ म्हटल्यावर बोलली. तिच्या बोलण्याचा तो तुकडा, बाईट, वाहिनीवर रात्रभर चालला.

पाणी उतरायच्या आत ती टीम परत गेली. मी तिथेच. पंचनाम्याच्या रांगा, मेलेली जनावरं, मदतीच्या यादीतून नाव गळलं म्हणून ओरडणारी माणसं. आणि ती म्हातारी. तिच्या घरच्यांनी मला विचारलं, ‘टीव्हीवर दाखवलासा, मग काय मिळालं?’ त्यांना मुंबईचा माणूस माहीत नव्हता. त्यांना मी माहीत होतो. उत्तर मलाच द्यायचं होतं, आणि ते मी त्यांच्या दारात उभा राहून दिलं. ग्रामपंचायतीपासून तहसीलपर्यंत त्यांच्याबरोबर फिरलो.

पुरात गोळीबार नसतो, त्यामुळे कुमारशी बरोबरी करत नाही. पण तो गाडी काढतो ते का, हे मला कळतं. त्या परक्या माणसाला सुखरूप पोचवणं हे त्याचं काम आहे आणि त्याला कामाची इज्जत आहे.

पंचगंगाकाठ

दादा, धाग्यावर यापेक्षा मोलाचं काही येणार नाही. मनापासून आभार.

रंकाळा_टॉवर

सगळ्यांचा आदर ठेवून थोडा विरोध करतो. परदेशी बातमीदाराला तुम्ही फार सहज पळपुटा ठरवताय.

बालिबो घ्या. 16 ऑक्टोबर 1975, पूर्व तिमोर. ऑस्ट्रेलियन वाहिन्यांसाठी काम करणारे पाच तरुण, दोन ऑस्ट्रेलियन, दोन ब्रिटिश आणि एक न्यूझीलंडचा, इंडोनेशियाच्या लष्कराचं आक्रमण टिपायला थांबले. ग्रेग शॅकलटनने घराच्या भिंतीवर रंगाने ‘ऑस्ट्रेलिया’ लिहिलं आणि झेंडा काढला, आपण तटस्थ आहोत हे कळावं म्हणून. पाचही मारले गेले. त्यांचं काय झालं ते शोधायला रॉजर ईस्ट मागे राहिला, त्यालाही डिसेंबरात तिथली राजधानी दिली इथल्या बंदराच्या धक्क्यावर मारलं. ते चकमकीत सापडले अशी जुनी कहाणी होती. 2007 मध्ये ऑस्ट्रेलियातल्या न्यू साउथ वेल्सच्या कोरोनरने, म्हणजे संशयास्पद मृत्यूंची चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्याने, निष्कर्ष दिला की पाच जणांना जाणूनबुजून ठार केलं गेलं.

आणि बातमीदार बाहेर पडला नाही तर बातमी बाहेर कशी पडणार? मे 1980 मध्ये दक्षिण कोरियाच्या ग्वांगजूत लष्कराने लोकांवर गोळ्या चालवल्या. शहराला वेढा, देशातल्या वर्तमानपत्रांवर सेन्सॉर. टोकियोहून आलेला जर्मन कॅमेरामन युर्गन हिन्झपेटर आत शिरला, चित्रण केलं आणि रिळं बिस्किटांच्या डब्यात लपवून देशाबाहेर नेली. तो विमानात बसला म्हणून जगाला ग्वांगजू दिसलं. विमानात बसणं हाच कधी कधी त्या गावाच्या उपयोगाचा मार्ग असतो.

पंचगंगाकाठ

बरोबर आहे, आणि बालिबोची माणसं पळपुटी होती असं कोणीच म्हणणार नाही. बातमीदाराने थांबून मरावं असं माझं म्हणणं नाहीच. माझी तक्रार कथेशी आहे. कॅमेरा कोणाबरोबर विमानात चढतो आणि कोणाला रस्त्यावर सोडतो, ती निवड दिग्दर्शकाची असते.

तुम्हीच दिलेलं ग्वांगजूचं उदाहरण बघा. हिन्झपेटरला सोलहून आत नेणारा आणि परत आणणारा टॅक्सीवाला होता, किम सा-बोक. 2017 मध्ये कोरियात ‘अ टॅक्सी ड्रायव्हर’ आला, आणि त्यात नायक तो टॅक्सीवाला आहे, जर्मन माणूस मागच्या सीटवर! कोरियात त्याची एक कोटीहून जास्त तिकिटं खपली. हिन्झपेटर आयुष्यभर त्या माणसाला शोधत राहिला आणि 2016 मध्ये भेट न होताच वारला. सिनेमा आल्यावर किमचा मुलगा पुढे आला. वडील 1984 मध्येच कॅन्सरने गेले होते. म्हणजे गोष्ट पुढच्या सीटवरून सांगता येते, आणि लोक ती डोक्यावर घेतात.

दुभाषी

दोन नावं या धाग्यावर असावीत असं वाटतं.

जून 1979, निकाराग्वा. अमेरिकी वाहिनीचा बिल स्ट्यूअर्ट याला नाक्यावर सैनिकाने रस्त्यावर झोपवून गोळी घातली. त्याच्याच कॅमेरामनने ते टिपलं, अमेरिकेत घरोघरी दाखवलं गेलं, आणि तिथला हुकूमशहा सोमोझा याच्या राजवटीला अमेरिकेत असलेला उरलासुरला पाठिंबाही गेला. त्याच वेळी त्याचा दुभाषा हुआन एस्पिनोसा हाही मारला गेला. त्याचं नाव किती जणांनी ऐकलंय?

दुसरा अजमल नक्शबंदी. 2007, अफगाणिस्तान. इटालियन पत्रकार मास्त्रोजाकोमो, दुभाषा अजमल आणि ड्रायव्हर सय्यद आगा या तिघांना तालिबानने पकडलं. ड्रायव्हरला आधी मारलं. इटालियन पत्रकार कैद्यांच्या बदल्यात सुटला. अजमलला ठेवून घेतलं आणि एप्रिलमध्ये त्याचा शिरच्छेद केला. एकाच मोटारीतली माणसं, पण सौदा एकाच पासपोर्टचा झाला.

मी स्वतः परदेशी कंपन्यांसाठी दुभाष्याचं काम करते, जोखीम शून्य. तरी अजमलबद्दल वाचलं त्या दिवशी कामात लक्ष लागलं नाही.

उत्तरेश्वरचा

‘द किलिंग फील्ड्स’ कोणीच काढला नाही? 1984. न्यूयॉर्क टाइम्सचा शॅनबर्ग आणि त्याचा कंबोडियन सहकारी दिथ प्रान. ख्मेर रूज, म्हणजे तिथले कम्युनिस्ट बंडखोर, राजधानी नॉम पेन्हमध्ये शिरल्यावर शॅनबर्ग बाहेर पडला, प्रान मागे राहिला. शॅनबर्गला 1976 चं पुलित्झर मिळालं, ते त्याने प्रानच्याही वतीने स्वीकारलं. प्रान तेव्हा शेतात राबत होता, शिकलेला आहे हे लपवून. 1979 मध्ये तो चालत थायलंडला पोचला. त्या सिनेमाचा दुसरा अर्धा भाग कॅमेरा प्रानसोबत राहतो. तुम्ही कुमारसाठी जे मागताय ते तिथे आहे. प्रानचं काम करणारा हैंग न्गोर हा पेशाने डॉक्टर, स्वतः त्या छळछावण्यांतून जगून आलेला. ऑस्कर मिळालं त्याला.

कुडाळची माहेरवाशीण

ऑस्करवरून आठवलं. बिली क्वानचं काम लिंडा हंट या बाईंनी केलंय. पुरुषाचं काम करून ऑस्कर मिळवणारी पहिली बाई. काम अफाट आहे, सुकार्नोंवरची श्रद्धा तुटते तेव्हाचा तिचा चेहरा विसरता येत नाही. ज्या पोराला बिली सांभाळत होता ते दगावतं, आणि मग तो हॉटेल इंडोनेशियाच्या खिडकीतून फलक सोडतो, सुकार्नो, तुमच्या माणसांना खायला द्या. त्यासाठी त्याला खिडकीतून खाली फेकतात. पण गोऱ्या बाईला मेकअप करून अर्धा चिनी माणूस उभा करणं मला खटकतंच. कुमारचं काम करणारा बेंबोल रोको फिलिपिन्सचा, कारण शूटिंगच तिथे झालं. तेही धमक्या आल्यावर गुंडाळून उरलेलं ऑस्ट्रेलियात. इंडोनेशियाची गोष्ट, आणि त्यात मोठ्या भूमिकेत इंडोनेशियन माणूसच नाही.

गारगोटीचे मास्तर

ताईंच्या शेवटच्या वाक्याला जोडून. 2012 मध्ये ‘द ॲक्ट ऑफ किलिंग’ हा माहितीपट आला, जोशुआ ओपनहायमरचा. 1965 च्या मारेकऱ्यांनाच तो कॅमेऱ्यासमोर उभा करतो, आणि ते आपले खून अभिमानाने करून दाखवतात. त्याच्या श्रेयनामावलीत इंडोनेशियन माणसं भरपूर आहेत. पण एक सहदिग्दर्शक आणि बरेच तंत्रज्ञ यांच्या जागी फक्त ‘निनावी’ लिहिलंय. सत्तेचाळीस वर्षांनंतरसुद्धा नाव देणं धोक्याचं होतं. परदेशी दिग्दर्शकाचं नाव पोस्टरवर, आणि गावात राहणाऱ्यांना नावच नाही.

आपल्या कोल्हापुरानेही 1948 मध्ये गांधीहत्येनंतरची जाळपोळ पाहिली, भालजींचा जयप्रभा स्टुडिओ त्यात जळाला. माझे वडील त्या दिवसांबद्दल बोलताना गल्लीतल्या माणसांची नावं घेत नसत. जाळणारे आणि जळालेले पुढे त्याच गल्लीत राहणार होते. बाहेरून आलेल्याला हे ओझं नसतं.

बिगरओळीचा

मास्तर, हे शेवटचं फार खरं आहे.

पंचगंगाकाठ दादा, ‘अ टॅक्सी ड्रायव्हर’ पुढच्या वेळी लावणार असाल तर एक विनंती. माझ्या ओळखीचे स्टँडवरचे काही रिक्षावाले आहेत, पुरात दिवसरात्र फुकट गाडी चालवलेली माणसं. त्यांना बोलवायचंय. इंग्रजी सबटायटल त्यांना जड जातील. मराठी करता येतील का?

दुभाषी

मी करते. इंग्रजी सबटायटलची फाईल मिळाली की तिच्यावरून पहिला खर्डा होईल. संवाद रिक्षावाल्यांच्या तोंडचे वाटायला हवेत, पुस्तकी नकोत, तेवढं कोल्हापुरी वळण कोणीतरी द्या.

शाहूपुरीकर

वळण मी देतो, भावाहो. खुर्च्या पण बघतो. रविवार नको, रविवारी त्यांचा धंदा असतो. मंगळवारी रात्री नऊनंतर ठेवा.